कंदील तुझा, दार माझं

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं मशीन पोचलं. पोचलं म्हणजे कुरियरवाल्याने ते माझ्या दुकानाच्या काउंटरवर सिमेंटचं पोतं टाकावं तसं टाकलं आणि सही मागितली. मी आधी खोकं उघडलं. तो म्हणाला, "काका, सगळे आधी सही करतात." मी म्हटलं, "म्हणूनच सगळे नंतर रडतात."

पॅकिंग वाईट आहे. माझ्या भाचीने केलं असेल तर तिला सांग, मामाने तिचा कान धरायला सांगितलाय. गेमचं मशीन कोणी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पाठवतं का? अभ्रा मात्र ओळखला. निळ्या बोटींचा, आईने आपल्या दोघांसाठी शिवलेल्यातला. शिवण अजून उसवलेली नाही. आईची टीप होती ती.

सोबत तुझी चिठ्ठी. टाइप करून प्रिंटरवर छापलेली. "मशीन चालू होत नाही. दुरुस्त करावे. आतले काही पुसू नये." सही नाही, नाव नाही. चार वर्षांनी सख्ख्या भावाला लिहिलंस ते हे! वीज कंपनीसुद्धा बिलावर "प्रिय ग्राहक" म्हणते. शाळेत फळ्यावर गणितं लिहिणाऱ्या बाईंचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, असं अख्खा गाव म्हणायचा. भावावर ते दाणे उधळायचे नसतील तर तसं सांग.

फोन करणार नाही. मागच्या वेळी फोन तू आपटलास की मी आपटला, त्यावर वेगळं भांडण होईल. कागदावर मधेच तोंड घालता येत नाही, म्हणून कागद.

आता मशीनविषयी. उघडल्यावर पहिल्यांदा निघाले ते केस. भुरे, लांब, मऊ. पंख्याच्या पात्यांना उशी झाली होती त्यांची. तू मांजर पाळलंस? लहानपणी मांजर दिसलं की पलंगावर उभी राहून किंचाळणारी तू! आणि मला कळतंय ते पंख्यातून. केस काढले, फेकले नाहीत, पुडीत ठेवलेत. का ते विचारू नकोस. पॉवर सप्लायमधले दोन कपॅसिटर फुगलेत, पोळीसारखे नव्हे, बेडकासारखे. म्हणून मशीन मेलं होतं. साधी गोष्ट आहे. सुटे भाग आले की आठवड्यात होईल.

पण कंट्रोलर बघून मात्र डोकं फिरलं. पोटावर ओरखडेच ओरखडे, टेबलावर ठेवून घासल्यासारखे. कंट्रोलर दोन्ही हातांत धरायची वस्तू आहे ताई, ती इस्त्री नाही. तूच मला शिकवलंस ना, "पान्या, अंड्यासारखा धर"? डावी स्टिक, अंगठ्याने फिरवायची दांडी, इतकी झिजलीय की रबराखालचं प्लास्टिक दिसतंय. आणि उजवी मात्र कालच दुकानातून आणल्यासारखी. एका कंट्रोलरची एक स्टिक म्हातारी आणि दुसरी कुमारिका, असं होत नसतं. म्हणजे ती कोणाकडून तरी बदलून घेतलेली आहे. कोणाकडून? मला राग नाही. फक्त नाव सांग. दुसऱ्या मेकॅनिककडे जायचंच होतं तर माझ्याकडे हे कलेवर कशाला पाठवलंस?

मशीनमध्ये पाचव्या भागाची डिस्क अडकलेली आहे. पाहिली. त्याविषयी मी काही बोलणार नाही.

बोलतोच. कंदीलवाल्याच्या खेळाचे चार भाग आपण मिळून खेळलो. (खेळाचं खरं नाव लांबलचक आहे, आजवर ना तुला नीट म्हणता आलं ना मला.) एकाच्या हातात कंट्रोलर, दुसऱ्याच्या हातात नकाशा. कंदीलवाला मेला की हात बदलायचे. त्याआधी नाही, कितीही गयावया केली तरी नाही. आणि दुसरा समोर नसताना एक पाऊल पुढे टाकायचं नाही. हा नियम तू केलास, मी नाही. मी तेव्हा इतका लहान होतो की नियम मोडायचेच असतात असं मला वाटायचं. आणि चार वर्षांपूर्वी पाचवा भाग आला त्या आठवड्यात मी इथे माझं मशीन लावतो तर काय, मित्रयादीत तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका: "पाचवा भाग खेळत आहे." मी फोन केला. तू म्हणालीस, "हो, खेळतेय. तुला काय करायचंय?"

माझी डिस्क अजून प्लास्टिकच्या कागदासकट कपाटात आहे.

या वर्षाअखेर सहावा येतोय असं ऐकलं. मला देणंघेणं नाही. सहज कळवलं.

पान्या

ता. क. : "आतले काही पुसू नये" हे मला लिहायची गरज नव्हती. या दुकानात आजवर कोणाचा खेळ पुसला गेलेला नाही.


१३ फेब्रुवारी

ताई,

उत्तर मिळालं. पुन्हा छापील. "दुसऱ्या कोणाकडे नेलेले नाही. स्टिक मूळचीच आहे. मांजराचे नाव सांगणार नाही, तू त्याला नावे ठेवशील." मांजराविषयी तुझा अंदाज बरोबर आहे.

स्टिकचं मी खोटं धरून चाललो होतो, म्हणून भिंगाखाली घातली. सोल्डरचे टाके कारखान्याचेच. मी लावतो तो टाका थेंबासारखा टोकदार उतरतो. कारखान्याचा सपाट बसतो. हा सपाट आहे. तेव्हा दुसऱ्या मेकॅनिकचा आरोप मागे घेतो. पण मग ती झिजली का नाही? पाचव्या भागात उजवी स्टिक लागतच नाही की काय? तसं असेल तर भाग बिघडलाय याचा आणखी एक पुरावा.

सुटे भाग अजून यायचेत. तोवर शेजारच्या चष्मेवाल्याशी माझं रोज भांडण चालू आहे. तो माझ्याकडे चहाला येतो आणि खेळांविषयी मतं देतो. त्याला कंट्रोलर उलटा धरला तरी कळत नाही, पण मतं आहेत. काल म्हणाला, "अहो, मालिका म्हणजे काय? पहिला भाग चहा. दुसरा भाग त्याच पत्तीचा परत उकळलेला चहा. तिसऱ्यापासून पुढे नुसतं भांडं विसळलेलं पाणी."

मी म्हटलं, "कंदीलवाला?"

"अपवाद."

"चारदा होतो त्याला अपवाद म्हणत नाहीत. सवय म्हणतात."

मग मी त्याला बसवून समजावलं. बाकीच्या मालिका का बुडाल्या? ती गाड्यांच्या शर्यतींची घे. पहिल्या भागात एक रस्ता होता आणि पोटात गोळा यायचा. आता शंभर रस्ते आहेत, गाडीला टोप्या घालता येतात, आणि गोळा कुठे आला तर तो कंटाळ्याचा. ती तलवारीवाली घे. आता तीत राजकन्येला सोडवायच्या आधी अख्ख्या राज्याची हरवलेली कोंबडी शोधून द्यावी लागते. प्रत्येक भागात घालतात, घालतात, घालतात. पाहुणे येणार म्हणून खोलीत खुर्च्या भरत जावं आणि शेवटी पाहुण्याला उभं राहायला जागा नसावी, तसं.

कंदीलवाल्याचं उलटं. ती माणसं प्रत्येक भागात एक वस्तू काढून घेतात. पहिल्यात त्याच्याकडे कंदील होता, नकाशा होता आणि सुरी होती. दुसऱ्यात सुरी काढली. आठवतं, तू किती रडलीस? "आता हा लढणार कसा?" आणि मग आपल्याला कळलं की लढायचं नसतंच, कंदील विझवून अंधारात गप्प उभं राहायचं असतं. तुझा श्वास मला ऐकू येत होता. खेळात नाही, शेजारी. तिसऱ्यात जिने चढताना मागे वळून बघायची सोय काढली. तेव्हा भाची तुझ्या मांडीवर होती, दुधाची बाटली एका हातात आणि नकाशा दुसऱ्या हातात. चौथ्यात पात्रांचं बोलणं काढलं. माझी बायको म्हणाली, "हे उत्तम झालं, आता तुम्ही दोघं पण गप्प बसा." तेल मात्र कधीच पुरत नाही, बुडलेलं शहर तेच, शेवटच्या घरातला दिवा तोच. आणि खाली उतरायच्या जिन्याची तिसरी पायरी चारही भागांत कुरकुरते. चारही! इतक्या वर्षांत काम करणारी माणसं बदलली असतील, कोणी म्हातारं झालं असेल, कोणी गेलं असेल. पण प्रत्येक वेळी कोणीतरी आठवणीने ती पायरी कुरकुरवली. घर चालवावं ते असं.

चष्मेवाला म्हणाला, "मग पाचव्यात काय काढलं?"

"नकाशा," मी म्हटलं. एवढं मी खोक्याच्या पाठीवर वाचलं होतं.

"मग? चांगला आहे की नाही?"

"वाईट."

"खेळलात?"

"न खेळता कळतं."

"अहो, न बघता वाचता येतं म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे रोज येतात," तो म्हणाला आणि बशीत उरलेला चहा पिऊन निघून गेला.

तुला सांगतो, तुझ्याशिवाय कोणाला सांगणार: नकाशा काढला म्हणजे नकाशा धरणारा काढला. कंट्रोलर दोघांनी धरला असेल, पण नकाशे सगळे मी काढले. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर, पट्टी लावून, प्रत्येक गल्लीला नाव देऊन. पाचवा भाग नकाशावाल्याशिवाय खेळता येत होता, आणि तू तो त्याच्याशिवाय खेळलीस. यावर काही उत्तर देऊ नकोस, प्रश्न विचारलेला नाही.

मांजराला मासे घालत असशील तर मशीनपासून लांब.

पान्या


२० फेब्रुवारी

ताई,

मशीन चालू झालं. कपॅसिटर बदलले, पंखा धुतला, उष्णता खेचणारी पेस्ट नवी लावली. आता आवाज इतका कमी आहे की चालू आहे की नाही ते बघायला हात लावावा लागतो. कोणाच्या शिकवणीला न जाता, डिक्शनरी मांडीवर घेऊन जो माणूस हे शिकला, त्याचं काम आहे. असो.

मशीन चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं असं नाही. ते तापलं पाहिजे, डिस्क वाचली गेली पाहिजे. चाचणीसाठी एखादा खेळ चालवणं भाग आहे. आत पाचवा होता. तो बाहेर काढून दुसरा घालणं म्हणजे डिस्कच्या यंत्रणेवर विनाकारण ताण. म्हणून केवळ चाचणी म्हणून मी पाचवा भाग लावला. वेगळ्या नावाने, नव्याने. तुझ्या खेळाला हात लावला नाही.

तो जिना उतरू लागला. पहिली पायरी. दुसरी.

तिसरी कुरकुरली.

मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं. भर दुपारी. तीन गिऱ्हाइकं बाहेरून हाका मारून गेली.

चांगला आहे, ताई. किती चांगला आहे हे लिहायला मला अवघड जातंय, कारण चार वर्षं मी प्रत्येकाला उलटं सांगत आलो. आधी वाटलं, नकाशा नाही म्हणजे अंदाधुंदी. मग कळलं की आता प्रत्येक गल्लीला आवाज आहे. न्हाव्याच्या गल्लीत पाणी वरून ठिबकतं, सुताराच्या गल्लीत लाकूड फुगून करकरतं, घंटेच्या चौकात पाण्याखाली काहीतरी मंद हलतं आणि भांड्याला भांडं लागल्यासारखं वाजतं. डोळे मिटले तरी कुठे आहोत ते कळतं. त्यांनी नकाशा काढून घेतलेला नाहीच. कागदावरून काढून कानात ठेवलाय. पाचवा बिघडला असं मी जिथे जिथे बोललो तिथे तिथे जाऊन मला आता शब्द गिळायला लागणार आहेत. सुरुवात चष्मेवाल्यापासून. तो मला पाणी विचारेल, त्या शब्दांवर प्यायला.

मग मी साठवलेल्या खेळांची यादी बघितली. नुसती बघितली.

तुझा खेळ तिथे होता. नाव: "ताई+पान्या".

चारही भागांत आपण हेच नाव दिलंय. पण पाचवा तर तू एकटी खेळलीस ना? मग बेरीज कशाची? आणि खेळ कुठे थांबलाय तेही दिसलं: शेवटचं घर, शेवटचं दार. दार उघडलेलं नाही. खाली प्रयत्नांचा आकडा असतो, तो इतका मोठा होता की मला वाटलं मशीनच बिघडलंय. चार वर्षं त्या दारापाशी जाऊन जाऊन तू परत येतेस, ताई. तू! चौथ्या भागात पडक्या पुलावरून माझ्या चपला वाळायच्या आत पलीकडे गेलेली!

दाराशी काय करायचं असतं ते मी यादीत खेळाखालीच दिलेल्या सूचनेत वाचलं. डाव्या हाताने कंदील वर धरून ठेवायचा, म्हणजे डावीकडचं ट्रिगर, कंट्रोलरच्या पाठीमागचं बटण, दाबून डावी स्टिक सांभाळायची. त्याच वेळी उजव्या ट्रिगरने कडी ओढायची आणि उजव्या स्टिकने ती हळूहळू फिरवायची. कंदील खाली आला की संपलं. अवघड आहे, पण तुझ्यासारखीला अशक्य नाही.

मी पुन्हा तुझा कंट्रोलर हातात घेतला. न झिजलेली उजवी स्टिक. उजवीकडची बटणं वरून नाही, डाव्या कडेने झिजलेली, जणू कोणी चुकीच्या बाजूने बोट घालून दाबतंय. पोटावरचे ओरखडे. मी माणसं सोडून वस्तूंशी बोलत जगलो, वस्तू मला खोटं सांगत नाहीत. पण ही काय सांगत होती ते कळेना. म्हणून मी कंट्रोलर टेबलावर ठेवला, आणि तशी झीज कशी होईल ते बघायला उजवा हात मांडीखाली दाबून बसलो. नुसत्या डाव्याने खेळू लागलो. बटणांपर्यंत पोचायला डावा हात आडवा टाकावा लागला. कंट्रोलर टेबलावर सरकला. खर्र. बरोबर त्याच जागी ओरखडा.

तेवढ्यात चष्मेवाला शटरखालून वाकून आत आला. मला बघून हसला. "काय हो, लकवा मारला की काय?"

ताई, मी त्याला बाहेर जायला सांगितलं. बिचाऱ्याला कळलं नाही त्याचं काय चुकलं.

छापील चिठ्ठ्या. उशीच्या अभ्र्यात कसंबसं गुंडाळलेलं मशीन. ते भाचीने गुंडाळलंच नव्हतं, होय ना?

तुझ्या उजव्या हाताला काय झालंय? आणि हे छापू नकोस. डाव्या हाताने लिही. कितीही वाकडं येऊ दे.

पान्या


१ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. लांब आहे म्हणून छापलंस, मान्य. खाली डाव्या हाताने नुसतं "ताई" लिहिलंयस. "ता"चा काना दोन वेळा पडलाय आणि परत उभा राहिलाय. मी ते चष्मेवाल्याला दाखवलं नाही. कोणालाच नाही.

पत्र तीनदा वाचलं. लकव्याचा झटका आला तो पाचवा भाग यायच्या आधीच्या महिन्यात. भाचीने तीन आठवडे दवाखान्यात बाकावर काढले आणि तू तिच्याकडून शपथ घेतलीस की मामाला कळवायचं नाही. त्या पोरीच्या तोंडाला कुलूप लावणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. तिने चार वर्षं ते पाळलं. कान धरायचं राहू दे. तिला माझ्याकडून शाबासकी दे आणि मग माझ्याकडून एक धपाटा दे. याच क्रमाने.

हात चोळायला येणाऱ्या बाईंनी रबराचा चेंडू दाबायला दिला आणि तू त्यांना म्हणालीस, "मी चेंडूची माणूस नाही." मग भाचीने पाचवा भाग आणून दिला. डावा हात तरी कामाचा व्हावा म्हणून. म्हणजे तो हिरवा ठिपका मला दिसला तेव्हा तू मला सोडून मजा मारत नव्हतीस. तू बोटांना पुन्हा चालायला शिकवत होतीस. आणि मी फोनवर ओरडलो.

तू लिहितेस : "तुला सांगितलं असतं तर तू पहिल्या गाडीने आला असतास, माझी दशा बघून तुझे डोळे भरले असते, आणि तू माझ्या हातून कंट्रोलर काढून घेतला असतास, 'दे ताई, मी करतो.' पान्या, मेल्याशिवाय कंट्रोलर द्यायचा नाही. मी मेले नव्हते."

हे वाक्य मी वाचून बाजूला ठेवलं आणि दिवसभर एकही मशीन उघडलं नाही. कारण तू म्हणतेस तसंच झालं असतं. मी काढूनच घेतला असता, आणि वर स्वतःला फार प्रेमळ समजलो असतो.

बेरजेविषयी तू काही लिहिलं नाहीस. फक्त एवढं : "नाव बदलायचं सुचलं नाही." ठीक आहे. मलाही सुचलं नसतं.

आणि "मी दाराशी तुझी वाट बघत थांबले होते असं म्हटलं तर तुला बरं वाटेल, पण ते खोटं आहे. जमत नव्हतं म्हणून थांबले." हे आवडलं. खोटं सांगितलं असतंस तर मला राग आला असता, आणि बरंही वाटलं असतं, आणि त्या दोहोंचं काय करायचं ते कळलं नसतं.

भाचीने खेळाच्या सेटिंगमधल्या सोयींमध्ये जाऊन दार आपोआप उघडायची खूण करून द्यायचं म्हटलं तर तू तिला खोलीबाहेर काढलंस. बरोबर केलंस. आपल्या घरात हट्ट आईच्या बाजूने आला की बाबांच्या, हे अजून ठरायचंय, पण आला मात्र दोघांच्या वाट्याला सारखा.

आता माझं ऐक. मी काही काढून घेणार नाही. आठवडाभर थांब. कुरियरची वाट बघू नकोस, मशीन परत पाठवणार नाही. म्हणजे पाठवणार, पण कुरियरने नाही. एक गोष्ट करून बघतोय. जमली तर लिहितो, नाही जमली तर हे पत्र फाड.

चष्मेवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माझ्या मेव्हण्याला झालं होतं तसंच, म्हणून तोंडात आलं." मग त्याने विचारलं, पाचवा कसा आहे? मी म्हटलं, उत्तम. तो म्हणाला, "म्हणजे पाचदा सवय?" मी म्हटलं, पाचदा.

पान्या


१० मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. डाव्या हाताने, पेनाने, एक अक्षर. "ये." अर्ध्या कार्डाएवढं. मात्रा कार्डाच्या बाहेर जाऊन परत आलीय. मोत्याचे दाणे गेले खड्ड्यात, हे अक्षर मला जास्त आवडलं.

येतोय. शुक्रवारी सकाळच्या गाडीने. मशीन मांडीवर घेऊन बसणार आहे, अभ्र्यातच गुंडाळून, पण नीट, माझ्या पद्धतीने. भाचीला सांग, बघून शीक.

जमलं. तुझा कंट्रोलर मी मधोमध कापला. किंचाळू नकोस. बारीक करवतीने, प्लास्टिक तापू न देता, एका दुपारात. डावा अर्धा, उजवा अर्धा. मधल्या तारा एकेक करून लांबवल्या, हातभर मऊ केबलमध्ये ओवल्या. दोन्ही अर्ध्यांच्या कापलेल्या कडा घासून गोल केल्या आणि त्यांवर चामडं चढवलं. तुझ्या अर्ध्याला खाली रबराचे पाय दिलेत. टेबलावर ठेवलास तरी सरकणार नाही, अंड्यासारखा धरायची सक्ती नाही. झिजलेली डावी स्टिक बदलली नाही. नवी टाकणार होतो, मग तिच्यावर अंगठा ठेवून बघितला. तुझ्या अंगठ्याने तिला खळगी पडलीय. ती तशीच ठेवली. उजवी स्टिक नवीकोरी होती, ती आता माझ्या वाट्याला आलीय. तिला झिजवायचं काम माझं.

चाचणी घ्यायला शेजारी कोणी हवं होतं. चष्मेवाल्याला डावा अर्धा दिला. त्याने कंदीलवाल्याला पहिल्याच खड्ड्यात घातलं आणि म्हणाला, "बघा, खेळ बिघडलाय." पण दोन्ही अर्धे एकाच माणसाचे हात असल्यासारखे चालतात, एवढं कळलं. हसून हसून आमच्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या जरा जास्त, पण तो चष्मेवाला आहे, त्याला वाटलं नंबर वाढला.

तेव्हा असं: आपण शेजारी बसायचं, पूर्वीसारखं, तू डावीकडे. मांजर खोलीबाहेर. त्याचं नाव तोवर मला सांगितलं नाहीस तरी चालेल, मी स्वतः विचारीन त्याला. चालायचं तू, रस्ता तुझ्या कानात आहे. कंदील तू वर धरायचास, मी त्याला हात लावणार नाही, तो डगमगला तरी नाही. तू "आता" म्हटलंस की कडी मी ओढणार. दाराच्या पलीकडे काय आहे ते मी कुठेही वाचलेलं नाही, कोणाला विचारलेलं नाही. माझी डिस्क अजून कागदात बंद आहे आणि तशीच राहील.

पहिल्या फटक्यात जमणार नाही. मला माहीत आहे, तुलाही. तुझा हात थकेल, मी घाई करीन, तू मला शाळेतल्यासारखी ओरडशील. कंदीलवाला पुष्कळदा मरेल. पण मेला तर दोघांच्या हातात एकदम मरेल. कंट्रोलर कोणी कोणाला द्यायचा, हा प्रश्नच उरला नाही.

दार आतून लावून ठेवू नकोस. जिना चढून आलो की दोन्ही हातांत सामान असेल, बेल कशाने वाजवू?

तुझा,
पान्या